घणाला आदरांजली

खिळा आला तेव्हा धाकटी कुणाच्या तरी दाढेचं माप धूत होती. मापाच्या खळग्यात रक्त सुकलं होतं आणि रक्ताखाली काहीतरी हिरवं अडकलं होतं. दातांच्या दवाखान्यांनी मापं धुऊन पाठवायची असतात, पण कोण धुतंय. खोटे दात बनवायच्या या धंद्यात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती की लोकांच्या तोंडांची किळस वाटणं केव्हाच बंद झालं होतं. लाळ, रक्त, कीड, सगळं तिच्या लेखी कामाचा भाग.

"कशाला हात लावू नकोस," ती मान वर न करता म्हणाली. "त्या ट्रेमध्ये एका बाईचे पुढचे दात आहेत."

"एकदा चुकून खिशातून दाढ गेली, ते तू जन्मभर काढणार," खिळा म्हणाला आणि स्टुलावर टेकला.

"पेशंट तोंड उघडून बसला होता."

खिळा एकेकाळी खरोखर खिळ्यासारखा होता, वर डोक्याची टोपी आणि खाली सरळ रेघ. आता पोट सुटलं होतं, नाव मात्र चिकटून राहिलं होतं. तो 'घण' नावाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. धाकटी ड्रम वाजवायची, तिचा मोठा भाऊ गायचा, आणि जो गिटार वाजवायचा तो लग्न करून जो गेला तो गेलाच. चौघांनी मिळून एकच अल्बम केला होता, 'गंज'. बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, ओल्या भिंतींना गाद्या टेकवून. तेव्हा तो कुणी विकत घेतला नाही. पुढे बँड मोडला, ज्याने त्याने पोटापाण्याचं बघितलं, आणि मग कधीतरी पोरं तो अल्बम एकमेकांना पाठवू लागली. हेवी मेटल ऐकणाऱ्यांत 'घण' हे नाव आता कानाला हात लावून घेतात म्हणे. अशा पोरांचे बँड जमवून खिळा एक अल्बम काढत होता. प्रत्येक बँडनं 'गंज'मधलं एक गाणं आपल्या पद्धतीनं गायचं. नाव ठेवलं होतं 'घणाला आदरांजली'.

"आदरांजली मेलेल्यांना वाहतात," धाकटी म्हणाली होती, तेव्हाही.

"ऐक तर खरं," खिळा आता म्हणाला. त्यानं तिच्या टेबलावरच्या स्पीकरला फोन जोडला. "मला तुझ्याकडून दोन ओळी हव्यात. आत छापायला. मूळ ड्रमर काय म्हणते ते."

पहिलं गाणं 'भट्टी'. मुळात 'भट्टी' म्हणजे चौघांनी मिळून एक लोखंडी दार फोडायचा प्रयत्न होता, आणि दार फुटत नव्हतं म्हणूनच ते गाणं होतं. इथे एक मुलगी पियानोवर कुजबुजत होती. प्रत्येक शब्दाच्या शेवटी तिचा श्वास ओला होऊन माइकवर पडत होता. धाकटीला वाटलं, कुणीतरी आपल्या कानात तोंड घालून बोलतंय. दुसऱ्यानं 'राख' नाचायला लावली होती. तिसरा बँड दुप्पट वेगानं वाजवत होता आणि कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका उचलून जागच्या जागी नेऊन ठेवलेला होता. त्यात माणूस घामाघूम होईल असं काही नव्हतं. शिवणाचं मशीन मन लावून ऐकलं तर असंच वाटेल.

सगळ्यांत वाईट होता तो चौथा, कारण तो सगळ्यांत प्रामाणिक होता. हा बँड 'घण'चीच गाणी वाजवायचा, दुसरं काही नाहीच. त्यांचा गायक दिवसा विम्याच्या ऑफिसात बसायचा आणि संध्याकाळी तिच्या भावाच्या तेव्हाच्या केसांसारखे केस मोकळे सोडायचा. भाऊ त्याला कौतुकानं 'माझा डुप्लिकेट' म्हणत असे. त्यांनी 'चिमणी' जशीच्या तशी उचलली होती. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या कडव्याआधी धाकटीच्या हातातली काठी घामानं निसटली होती आणि ती अर्धा ठोका उशिरा आली होती. यांचा ड्रमर बरोबर तिथेच, बरोबर तेवढाच उशिरा आला. तिच्या फजितीचा त्यानं रियाज केला होता.

"बंद कर."

"अजून बरीच आहेत."

"खिळ्या, मला मळमळतंय. छाप तसंच. मूळ ड्रमर म्हणते, मळमळलं."

"छापतो. पोरं फ्रेम करून लावतील." खिळा हसला. "आणि तू कशाला नाक मुरडतेस? तू दिवसभर काय करतेस? नकलाच ना?"

"ज्याचा दात पडलाय त्याला मी दात देते. धडधाकट दातावर माझा दात चिकटवत नाही."

खिळ्यानं फोन काढून घेतला, पण उठला नाही. त्याच्या चेहऱ्यावर मोठं गुपित दाबून ठेवल्याचा आनंद होता.

"शेवटचं ऐकशील तेव्हा मळमळ जाईल. 'गंज'. ते दादानं गायलंय. आत्ता, नव्यानं."

धाकटीनं माप खाली ठेवलं. "कुठल्या गळ्यानं?"

प्रश्न वाजवी होता. दादा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. रोज शेजारच्या सीटवरून 'क्लच, क्लच, अहो क्लच' ओरडून आणि वर सिगारेटी ओढून त्यानं गळ्याचा पार चोथा केला होता. मागे एका लग्नात लोकांनी आग्रह केला, तेव्हा दुसऱ्या ओळीलाच आवाज फाटला, आणि दादानं माइक खराब आहे असं सांगून वेळ मारून नेली होती.

"त्याच गळ्यानं," खिळा म्हणाला. "कितीतरी दिवस माझ्याकडे येतोय, तुला पत्ता लागू दिला नाही. रविवारी घरी बोलावलंय त्यानं तुला. मी आधी ऐकवलं तर माझी चामडी लोळवेल."

रविवारी दार वहिनीनं उघडलं. जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला करून दादानं दोन स्पीकर मांडले होते, आणि खुर्चीच्या पाठीवर एक नवं काळं जाकीट होतं, त्याची किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती.

"बस, छोटे. इथे नको, मधोमध बस," दादा म्हणाला. "तूही ये गं बाहेर."

"मी ऐकलंय," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

ड्रम मशीनचे होते. धाकटीनं दात आवळून ते सोसलं. मग आवाज आला, आणि तिच्या हातावर काटा आला. तो आवाज जमिनीखालून यायचा तसाच आला, खडी भरलेला ट्रक चढ चढतो तसा. तिनं दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. क्षणभर तिनं त्या अल्बममधल्या झाडून सगळ्यांना माफ करून टाकलं. या एका गाण्यासाठी बाकीची घाण पोटात घालायला हरकत नव्हती.

मग ती ओळ आली: सांडलं ते साचलं, साचलं ते सडलं.

प्रत्येक 'स'च्या कडेला एक बारीक शिट्टी होती, सायकलच्या ट्यूबमधून हवा निसटावी तशी. धाकटी आधी स्पीकरपासून मागे सरली आणि कारण मागाहून कळलं.

लाँड्रीतलं रेकॉर्डिंग सुरू होण्याच्या थोडं आधी, एका कार्यक्रमात गर्दीचा लोंढा स्टेजवर आला होता आणि माइक दादाच्या तोंडावर आपटून पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. तेव्हापासून त्याच्या 'स'मधून वारा जायचा. 'गंज' अल्बमभर ती शिट्टी आहे. ती कशी काढली यावर लोक इंटरनेटवर भांडतात. कुणी म्हणतं मशीन आहे, कुणी म्हणतं पट्टीचा गायक आहे. पुढे तो दात काळा पडला आणि धाकटीनं स्वतः त्यावर कॅप केली. खिडकीच्या उजेडात शेजारच्या दाताशी रंग जुळवून, दोन फेकून देऊन, तिसरी बसवली. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला होता, 'माझी शिट्टी चोरलीस तू', आणि दोघं हसले होते.

ज्या फटीतून तो वारा जायचा, ती फट तिनं स्वतःच्या हातानं बुजवली होती. हा आवाज आजच्या दादाच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. तो दादाच्या अल्बमवरून शिकलेल्या माणसाचा होता. कुणीतरी आरशासमोर बसून, जीभ इकडे तिकडे फिरवून, तिच्या भावाच्या तुटक्या दाताची जागा शोधून काढली होती.

गाणं संपलं. दादानं डोळे उघडले.

"काय?"

"चांगलं झालंय," ती म्हणाली.

"चांगलं झालंय म्हणे. अगं, मला स्वतःला खरं वाटेना. गाताना वाटतं, गेलं, बसला आवाज. आणि ऐकतो तर हे. खिळा म्हणाला, गळा कुठे जात नाही, आत दबून असतो." त्यानं जाकीट उचलून अंगाला लावून बघितलं. "अल्बम निघेल त्या दिवशी हॉलमध्ये गाणार आहे. स्कूलमधून रजा टाकलीय. खिळा म्हणतो, दादा, तू नुसता उभा राहिलास तरी लोक वेडे होतील."

'नुसता उभा राहिलास' हे शब्द धाकटीला आवडले नाहीत. ती पाणी प्यायला म्हणून आत गेली. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती, ओटा केव्हाच पुसून झाला होता.

"वन्सं, काही बोलू नका हं त्यांना."

"तुम्हाला कळलंय?"

"मला गाण्यातलं काय कळतं? पण ह्यांची छाती मला माहितीय. जिना चढून आले की दाराला धरून उभे राहतात. तो माणूस इतकी लांब ओळ एका दमात म्हणेल?" तिनं फडकं पिळलं. "पण किती दिवसांनी आरशासमोर उभे राहिले बघा. राहू द्या ना. कुणाचं काय जातंय?"

धाकटीनं पाण्याचा ग्लास भरून घेतला. कुणाचं काही जात नव्हतं, हे खरंच होतं.

खिळ्याचा स्टुडिओ सायकलच्या दुकानावर होता. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम लावलेला, त्यात जुन्या सिगारेटींचा आणि मोज्यांचा वास कायमचा मुरलेला. धाकटी खुर्चीवर बसलीच नाही.

"ते दादाचं नाही."

खिळ्यानं थोडा वेळ मशीनची बटणं उगाच वरखाली केली. "तुला कळणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून तुला शेवटपर्यंत ऐकवलं नाही."

"डुप्लिकेट?"

"सुरुवातीला दादाचाच होता. नुसता आधाराला म्हणून पोराचा आवाज खाली ठेवला. मग पोराचा थोडा वर घेतला. मग दादाचा थोडा खाली."

"किती खाली?"

"आता ऐकू येत नाही."

"आणि हॉलमध्ये?"

"माइक बंद असेल. मागून हेच वाजेल, त्याच्या कानातही हेच. तो जीव तोडून ओरडेल आणि त्याला स्वतःचा म्हणून हा ऐकू येईल. त्याला आयुष्यात कळणार नाही, बाई. लोकांनाही नाही. सगळे खूष." खिळ्याचे डोळे भरून आले होते. "मी त्याचं वाईट केलं का गं? तो इथे यायचा तेव्हा जिन्यावरूनच गुणगुणत यायचा."

धाकटीनं तोंडावर हात धरला. खिळ्यानं हे लबाडीनं केलं असतं तर तिला राग आला असता आणि रागाचं काय करायचं ते तिला माहीत होतं. पण त्यानं हे मायेनं केलं होतं. माया पातळ, कोमट, सगळीकडे पसरलेली, आणि आता तीही त्यात घोट्यापर्यंत उभी होती.

"दादाचं खरं गाणं दे मला."

"नको ऐकूस. त्याची जुनी आठवण आहे ती चांगली आहे."

"तो मेलेला नाही, खिळ्या. तो लोकांना गाडी शिकवतोय."

खिळ्यानं मुकाट्यानं ते तिच्या फोनवर पाठवलं.

तिनं ते ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचा शिकाऊ सोडून दादा तिच्याकडे आला, तिनंच बोलावलं होतं. त्यानं स्टुलावर बसून पाय ताणले. "आजची बाई रिव्हर्समध्ये गणपती... काय ते, स्तोत्र म्हणत होती. मी म्हटलं, देवाला त्रास देण्याआधी आरशात बघा."

"दादा, ती ओळ म्हण. सांडलं ते साचलं."

"इथे? तुझ्या कवळ्या पळून जातील."

"हळू म्हण. नुसती म्हण."

त्यानं म्हटली. तिनं पुन्हा म्हणायला लावली. मग काही न बोलता खिळ्याचं गाणं त्या ओळीवर नेऊन लावलं. दादा हसत ऐकायला लागला. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या आतला माणूस तिथून निघून गेला. त्याची जीभ पुढच्या दाताकडे गेली, तिनं बसवलेल्या दाताच्या मागे फिरली आणि तिथेच थांबली.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

तिनं लावलं.

"पोरगा?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"घरी हिला माहितीय?"

धाकटीनं गाणं बंद केलं.

"म्हणजे गाढव मी एकटाच." तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. जागा अरुंद होती, रागानं फिरायला पुरत नव्हती. "तुला काय मिळालं सांगून? खिळ्यानं निदान माझा विचार केला. तू काय केलंस? दात दाखवलास."

"मला किळस आली," ती म्हणाली. तिला दुसरं कारण देता आलं असतं, मोठं काहीतरी, सत्य वगैरे. पण जे होतं ते एवढंच होतं. "तू डोळे मिटून ओठ हलवत होतास आणि तुझ्या तोंडातून दुसरा माणूस बोलत होता. मला ते बघवलं नाही. हॉलभर लोकांनी ते बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या. तूच सांग, मी तिथे कुठे बसायचं?"

दादानं वाकून ट्रेमधले पेशंट बाईचे पुढचे दात बघितले. मग त्यानं फोन काढला.

"खिळ्या, त्या गाण्यावर पोराचं नाव टाक... हो, सांगितलं तिनं... नाही. नाही रे... चिडलो नाही. चिडलोय, पण ते नंतर. पोराचं नाव टाक, नाहीतर गाणं काढून टाक... मी येत नाही... अरे, मग जाहिरात छापायच्या आधी विचार करायचा." पलीकडून खिळा पुष्कळ बोलला. दादानं फोन कानापासून थोडा दूर धरला आणि बोलणं संपायची वाट पाहिली. "बरं गातो पोरगा," तो शेवटी म्हणाला. "त्याला सांग, आता स्वतःचं काहीतरी गा म्हणावं." फोन ठेवल्यावर तो पुन्हा स्टुलावर बसला.

"माझं कुठाय?"

"आहे. मी ऐकलेलं नाही."

"लाव."

"कशाला?"

"लाव म्हणतोय ना."

तिनं लावलं आणि हाताला चाळा म्हणून मेणाचा दात घासायला घेतला. आवाज भयानक होता. मोरीत शेवटचं पाणी जाताना घशासारखा आवाज करतं, तसा. वरच्या सुरांना तो पोचतच नव्हता, खालून नुसतं बोट दाखवत होता. ओळीच्या मधेच श्वास संपायचा आणि छातीतला कफ उकळल्यासारखा ऐकू यायचा. इतकी वर्षं लोकांची मापं धुऊन धाकटीला जी किळस उरली नव्हती, ती तिला आज आपल्या भावाची आली, आणि तिनं ती चेहऱ्यावरून लपवली नाही. दादा तिचा चेहरा बघत होता.

"इथे जरा बरं आहे ना?"

"नाही."

"आता ऐक. इथे?"

"इथे तर फारच वाईट आहे."

त्यानं मान डोलावली, शिकाऊनं गाडी फुटपाथवर चढवल्यावर डोलवायचा तशी. "पुढे सुधारतं का बघू."

पुढे सुधारलं नाही. तिसऱ्या कडव्यात गाणं खोकल्यात अडकलं. मशीनचे ड्रम निर्विकारपणे वाजत राहिले. दूरवरून खिळ्याचा आवाज आला, "दादा, परत घेऊ या का?" आणि माइकच्या अगदी जवळून दादा म्हणाला, "थांब रे, दम खाऊ दे जरा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे बरं आहे," धाकटी म्हणाली.

"हे ना? हे मलाही बरं वाटलं," दादा म्हणाला. मग त्याचं गाणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षाही वाईट, आणि त्यानं आवाज थोडा मोठा केला.